‘किल्ला’तली मैत्री मुंबईत का रुजत नाही?

‘किल्ला’ मला फार आवडतो. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०१५ च्या जूनमध्ये आपल्याकडे लागला. त्याआधी, २०१४ मध्ये, बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पोराटोरांच्या मैत्रीबद्दल इतकं खरं आणि इतक्या कमी शब्दांत सांगणारं मी फारसं काही पाहिलेलं नाही. म्हणूनच हल्ली या चित्रपटाला ज्या कामाला जुंपलं जातंय, ते पाहून मला राहवत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केला, आणि आपल्याकडेही तो विषय पुन्हा पेटला. पालकसभा असो, लग्नाची पंगत असो की लोकलचा डबा, मुलं आणि मोबाइल अशी गोष्ट निघाली की कोणीतरी ‘किल्ला’चा दाखला देतंच. ती पोरं बघा कशी सायकली घेऊन हुंदडायची, आताच्या पोरांना मित्रच नाहीत, सगळं त्या मोबाइलने खाल्लं! सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. प्रत्येकाला आपण काहीतरी खरं बोललो असं वाटतं, आणि करायचं मात्र कोणालाच काही उरत नाही.

मला हे म्हणणं चुकीचं वाटतं. मुंबईतल्या मुलांच्या मैत्रीला जी जागा लागते, जो मोकळा वेळ लागतो आणि जी सरमिसळ लागते, ती आपण मोठ्यांनी मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून काढून घ्यायला सुरुवात केली होती. मोबाइल आला तेव्हा घर जवळजवळ रिकामं झालेलं होतं. तो फक्त राहायला आला. ज्या चित्रपटाला आपण मुलांविरुद्ध साक्षीला उभं करतो, तो नीट पाहिला तर आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

त्यात काय आहे ते आधी आठवू या. चिन्मय काळे अकरा वर्षांचा. वडील वारलेत. आई सरकारी नोकरीत, आणि तिची बदली पुण्याहून कोकणातल्या एका लहान गावात झालेली. चिन्मय स्कॉलरशिपवाला, शहरातला, गप्प. नव्या वर्गात त्याला बंड्या भेटतो: वात्रट, अभ्यासाच्या नावाने आनंद, पण गावाची खडान्‌खडा माहिती असलेला. पार्थ भालेरावने तो असा उभा केलाय की आपल्याही वर्गात शेवटच्या बाकावर तो बसत होता अशी खात्रीच पटते. मग त्या टोळक्याची सायकलची शर्यत लागते, किल्ल्यापर्यंत. धो धो पाऊस येतो. आणि ही सगळी पोरं चिन्मयला किल्ल्यातच टाकून निघून जातात. तो बाहेर येऊन बघतो तर कोणीच नाही. दाखला देणारे नेमका हाच प्रसंग विसरतात. त्या चित्रपटाच्या मधोमध मैत्रीने केलेला विश्वासघात आहे. चिन्मय घाबरतो, दुखावतो, रागावतो, बोलायचं बंद करतो. आणि पुढे जे सुटतं, ते त्या मुलांचं आपापसात सुटतं. कोणाची आई कोणाच्या आईला जाब विचारायला जात नाही, कोणी दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ असं म्हणत नाही. अबोल्याला लागेल तेवढा वेळ लागतो. पाय रुजायला लागतात तोवर आईची पुन्हा बदली होते.

अशी मैत्री व्हायला काय काय जमून यावं लागलं? एक अशी जागा, जी कोणाच्याच मालकीची नव्हती आणि जिथे मोठं माणूस लक्ष ठेवायला नव्हतं. एक अख्खी दुपार, जिच्यात कुठलाही क्लास नव्हता. चिन्मयच्या घरात कधी जन्मला नसता असा एक बंड्या, त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर. आणि भांडण होऊ द्यायची, ते बरेच दिवस चालू द्यायची मुभा. यात मोबाइल नाही, हे खरं. पण मोबाइल नसणं ही या यादीतली सर्वांत किरकोळ बाब आहे. आज मुंबईतल्या कुठल्याही अकरा वर्षांच्या मुलाच्या हातातून फोन काढून घ्या. त्याला किल्ला मिळेल? दुपार मिळेल? बंड्या मिळेल?

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रात्री एक वाजता पांघरुणाखाली चमकणारा चेहरा मीही पाहिलेला आहे. ही ॲप्स मुलांना धरून ठेवण्यासाठीच बनवलेली असतात. त्यांच्या मागे जगातली हुशार डोकी बसलेली आहेत आणि समोर सातवीतलं पोर आहे. ही झुंज बरोबरीची नाही. वर्गाच्या ग्रुपमधून एखाद्याला काढून टाकणं, कोणाचा तरी फोटो फिरवणं, यातून होणारी जखम किल्ल्यातल्या त्या पावसापेक्षा क्रूर असू शकते, कारण पाऊस थांबतो आणि हे थांबत नाही. लहान मुलांना फोन उशिरा द्यावा, शाळेत तो नसावा, कंपन्यांवर कायद्याचा वचक असावा, हे सगळं मला मान्य आहे. ऑस्ट्रेलियाने जे केलं त्याचा परिणाम काय होतो ते कळेलच; निदान त्यांनी तो भार मुलांवर आणि आईबापांवर न टाकता कंपन्यांवर टाकला, हे मला पटतं. पण एवढं मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच. फोन बाजूला ठेवला, आता मुलाने जायचं कुठे?

आणि यंत्र मैत्री मारतं हे इतकं सरळ असतं, तर टीव्हीने ती आधीच मारायला हवी होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हाही मोठी माणसं हेच म्हणत होती: पोरं डब्यासमोर बसतात, खेळायला जात नाहीत, डोळे बिघडतात, वाचन संपलं. पण गिरगावातल्या, लालबाग-परळच्या चाळींत प्रत्यक्षात काय झालं? मजल्यावर एखाद्याच घरी टीव्ही. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. त्या एका खोलीत मजल्यावरची सगळी पोरं. दारात चपलांचा ढीग. उशिरा आलेले खिडकीच्या गजाला लटकलेले. पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ आलं तेव्हाही कित्येक ठिकाणी हेच चित्र होतं. तोच टीव्ही पुढे प्रत्येक घरात, आणि मग प्रत्येक खोलीत गेला, तेव्हा त्याने माणसं वेगळी केली. म्हणजे डबा तोच होता, बदललं होतं ते त्याच्या भोवतालचं घर. दारं उघडी होती तोवर त्याने मुलं गोळा केली, दारं बंद झाल्यावर विखुरली.

मोबाइलचंही तसंच आहे, आणि हे मी वरचेवर बघतो. मध्य मुंबईतल्या एका पुनर्विकास झालेल्या इमारतीत माझं जाणं-येणं असतं. ‘तेहेतीस सात’मधली, म्हणजे जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखालची योजना: एका बाजूला जुन्या भाडेकरूंचा रिहॅब विंग, दुसऱ्या बाजूला विक्रीचा सेल विंग. गेट वेगळी, लिफ्ट वेगळ्या. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, गवत आहे, घसरगुंडी आहे, पळायला गुळगुळीत ट्रॅक आहे; पण तो पोडियम सेलवाल्यांचा. रिहॅबच्या मुलांच्या वाट्याला खाली गाड्यांच्या मधली जागा येते, आणि तिथे ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा बोर्ड. मग ती मुलं जातात कुठे? नवव्या आणि दहाव्या मजल्यामधल्या जिन्यात. लिफ्ट असल्यामुळे जिना कोणी वापरत नाही, म्हणून तिथे कोणी हटकत नाही. पाच-सहा पोरं पायऱ्यांवर बसलेली असतात, आणि त्यांच्यात फोन असतो एकच. ज्याच्या हातात फोन तो खेळतो, बाकीचे सूचना देतात, ओरडतात, ‘आता माझा डाव’ म्हणून भांडतात. सगळ्यांत धाकटा जो आहे त्याचा डाव गेला तरी धरत नाहीत. तो कच्चा लिंबू. हा नियम त्यांना कोणी शिकवला नाही. अंगणात लगोरी खेळणाऱ्या मुलांचा जो नियम होता, तोच दहाव्या मजल्याच्या जिन्यात जसाच्या तसा जिवंत आहे. त्यांना बघून मोबाइलने मैत्री संपवली असं मला म्हणवत नाही. या पोरांनी कोणाच्याही मालकीची नसलेली जागा हुडकून काढली आणि तिथे आपला किल्ला केला. आणि वरच्या पोडियमवर? तिथे संध्याकाळी प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस असतं, आणि सात वाजता सगळी क्लासला जातात. ज्याला मोकळी जागा दिली त्याच्याकडे वेळ नाही, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याला जागा नाही. या दोघांना एकमेकांना भेटू द्यायचं नाही, ही व्यवस्था मुलांनी केलेली नाही आणि मोबाइलनेही केलेली नाही.

ती आपण केली आहे, आणि ती कधी कधी केली याच्या तारखासुद्धा सांगता येतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप मोडला, गिरण्या थंडावल्या, आणि प्रश्न आला गिरण्यांच्या जमिनीचा. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवलं होतं की या जमिनीचे साधारण तीन भाग व्हावेत: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला, आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली; जिथे बांधकाम उभं होतं ती जमीन हिशेबातून निघून गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अमान्य केलं, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चाच बदल कायम ठेवला. लोअर परळच्या पुलावर उभं राहून बघितलं की त्या निकालाचं काय झालं ते दिसतं. परळ-लालबागच्या मुलांना जी मैदानं मिळायची होती, ती तिथे नाहीत. २००६ मध्ये आपल्याकडच्या मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते.

आज मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते, असं महापालिकेच्या विकास आराखड्याच्या चर्चेत वारंवार सांगितलं गेलं. म्हणजे एक चटई अंथरली की संपली. जी मैदानं आहेत ती खासगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याची धोरणं येतात, लोक ओरडतात, स्थगिती मिळते, आणि काही वर्षांनी तोच मसुदा वेगळ्या कपड्यांत परत येतो. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका खटल्यात सांगितलं होतं की इमारतीच्या आवारातली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून भागणार नाही. पोडियमवर झाड रुजत नाही, इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली. झाडच रुजत नसेल तिथे बाकीचं काय रुजणार?

यावर कोणी म्हणेल, मुंबई बेट आहे, जमीन नाही, लोक वाढले, कोण काय करणार. हा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही. १८९६ ला प्लेग आला तेव्हाही मुंबई बेटच होती आणि दाटीत गुदमरत होती. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या हेतूंवर आणि त्याने ज्या गरिबांची घरं पाडली त्यावर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, पण दादर-माटुंग्याच्या वस्त्या आखताना त्याने रस्त्यांबरोबर बागाही आखल्या. शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा माहीम पार्क म्हणून. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. ते मैदान चुकून उरलेलं नाही. कोणीतरी बसून ठरवलं, की इथे बांधायचं नाही. शहरात मोकळी जागा अशीच असते: ठरवली तर असते, नाही ठरवली तर जाते.

आणि अशा मैदानावर काय होतं, हे मुंबईला कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रम शाळेची दोन पोरं, एक चौदा वर्षांचा आणि एक सोळाचा, ६६४ धावांची अखंड भागीदारी करतात. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. डाव घोषित करण्याचे इशारे होत असताना दोघांनी तिकडे बघितलंच नाही, हा किस्सा मुंबईच्या क्रिकेटमध्ये अजून सांगतात. एकाचं घर वांद्र्याच्या साहित्य सहवासात, वडील प्राध्यापक आणि कवी. दुसरा कांजुरमार्गच्या वस्तीतून लोकलने येणारा. पुढे दोघांचं आयुष्य कुठे कुठे गेलं हा वेगळा विषय, आणि तो हळहळ लावणारा आहे. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की चिन्मय आणि बंड्या मुंबईतही भेटत होते. त्यांना भेटवणारी दोन ठिकाणं होती: मैदान आणि शाळा.

मैदानाचं सांगितलं. शाळेचं काय? ज्या मराठी मध्यमवर्गाला ‘किल्ला’ पाहून भरून येतं, त्याने आपली मुलं महापालिकेच्या आणि वस्तीतल्या मराठी शाळांतून कधीच काढली. मी त्यांना नावं ठेवत नाही. इंग्रजीची भीती आणि नोकरीची काळजी खरी आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की प्राध्यापकाचा मुलगा आणि फिटरचा मुलगा एका बाकावर बसणं थांबलं. फी जितकी, तितक्याच फीच्या घरातली मुलं वर्गात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखून हे थोडं तरी मोडायचा प्रयत्न केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून मोकळं केलं. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत ‘आमच्या मुलांना बंड्या हवा आहे’ असं म्हणत किती पालक रस्त्यावर आले? उलट ‘ती मुलं आली की वर्गाचा दर्जा खाली जातो’ हे वाक्य चांगल्या-चांगल्यांच्या तोंडून मी ऐकलं. ज्यांना आपल्या मुलाशेजारी बंड्या चालत नाही, त्यांनी ‘किल्ला’चा दाखला देऊ नये. एवढं स्पष्ट म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. जुनं अंगण, जुनी चाळ, गावचं माळरान सगळ्यांसाठी मोकळं होतं कधी? ‘फँड्री’ या चित्रपटातल्या, गावाने जातीवरून खालचा ठरवलेल्या जब्यालाही पिऱ्यासारखा जिवाला जीव देणारा मित्र आहे, हिंडायला रान आहे, हातात मोबाइल नाही. त्याला त्या मोकळेपणाचा काय उपयोग झाला? वर्गातल्या मुलांसमोर, सगळ्या गावासमोर त्याला डुक्कर पकडायला धावावं लागतं, आणि त्याच्याबरोबर शाळेत बसणारी पोरं हसतात. मुंबईच्या चाळींचंही गुणगान गाताना जपून गावं. वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दलित आणि सवर्ण वस्तीत दंगल पेटली होती. त्या चाळींत मुलांनी कुठल्या चाळीपुढे खेळायचं आणि कुठल्या नाही, हे ती दंगल व्हायच्या आधीही ठरलेलं असणार. आणि मुली? ‘किल्ला’तलं टोळकं मुलग्यांचंच आहे. सागरगोटे गॅलरीत आणि लगोरी रस्त्यावर, ही वाटणी कोणी केली? चार वाजता भावाला बॅट मिळायची आणि बहिणीला पाण्याची कळशी, हे आपल्या घराघरांत झालं आहे.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसं आणि संडासापुढे रांग, यात परत जा असं म्हणायचा अधिकार मला नाही. वरळीच्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या, त्याचा आनंद निखळ आहे. पण याच आक्षेपातून माझा मुद्दा आणखी पक्का होतो असं मला वाटतं. जुनी जागा सगळ्यांची नव्हती, तर पुढचं काम ती सगळ्यांची करण्याचं होतं. मुलींना मैदानावर आणायचं होतं, जब्याला टोळक्यात बरोबरीने घ्यायचं होतं. आपण ते सोडून जागाच काढून टाकली, आणि उरली ती फीप्रमाणे आणि विंगप्रमाणे वाटली. जातीची भिंत होती तिथे सेल आणि रिहॅबची भिंत आली. ही प्रगती कशी?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो आईबापांच्या काळजातून येतो. अकरा वर्षांच्या मुलाला मुंबईत एकटं सोडायचं? गाड्या, अनोळखी माणसं, उघडी मॅनहोल्स. चिन्मय किल्ल्यात अडकला, त्याला काही झालं असतं तर? बरोबर आहे. मलाही भीती वाटते. पण या भीतीतला मोठा वाटा गाड्यांचा आहे, आणि गाड्या कोणाच्या आहेत? मुलांच्या नाहीत. २७ मार्च २०२२ ला मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केलं. रविवारी सकाळी काही तास ठरावीक रस्ते गाड्यांना बंद. लोक सायकली, स्केट, दोऱ्या, बॅट घेऊन उतरले. त्या मुलांच्या घरी मोबाइल नव्हते का? होते. त्यांना कोणी घसा कोरडा करून ‘फोन ठेव’ म्हटलं होतं का? गरजच पडली नाही. रस्ता मोकळा झाला आणि काही तासांत मुलं बाहेर आली, यापेक्षा मोठा पुरावा या वादात मला माहीत नाही. आणि जी सुरक्षा आपण घरात बसवून देतो म्हणतो, ती तरी खरी आहे का? बंद खोलीत, हातात फोन घेऊन बसलेलं मूल अनोळखी माणसांपासून सुरक्षित आहे असं आज कोणी छातीठोक सांगू शकेल? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा फोन आपणच त्यांच्या हातात दिला, आणि शाळा पुन्हा भरल्यावर जे परत द्यायचं होतं ते दिलं नाही.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. शाळा, मग क्लास, मग दुसरा क्लास, शनिवारी चित्रकला, रविवारी ऑलिंपियाड. प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर चांगलीच. पण चिन्मय आणि बंड्याची जी दुपार होती ती कुठल्याही वेळापत्रकात बसली नसती, कारण तिच्यात काहीच ‘होत’ नव्हतं. भांडण झाल्यावर बोलणं पुन्हा सुरू व्हायला जो मोकळा, निरुद्योगी वेळ लागतो, तो मुलांना आठवड्यातून एकदा, पाच ते सहा, असा देता येत नाही. म्हणून आताची भांडणं मोठी माणसं मिटवतात. पटकन मिटवतात, आणि मुलं ती मिटवायला कधी शिकतच नाहीत.

मग करायचं काय? यातलं बरंच आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही मुलाला उपदेश करायची गरज नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना जी मैदानं आहेत, ती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या मुलांना उघडी असावीत. आज कित्येक ठिकाणी शाळा सुटली की फाटकाला कुलूप असतं. प्रत्येक पुनर्विकासाच्या योजनेत मुलांची जागा जमिनीवर आणि दोन्ही विंगना मिळून एकच असावी, अशी अट घालावी, आणि रहिवाशांनी ती करारनाम्यात लिहून घ्यावी. कार्पेट एरिया किती, बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस निधी किती, भाडं किती, पार्किंग किती यावर आपण महिनोन्‌महिने घासाघीस करतो. मुलं कुठे खेळणार हा प्रश्न त्या बैठकांत मी एकदाही ऐकलेला नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींचं काम अजून चालू आहे. तिथे हे विचारायला उशीर झालेला नाही.

सुरुवात मी माझ्या सोसायटीतून करतो आहे. आमच्याही आवारात ‘खेळण्यास सक्त मनाई’चा बोर्ड आहे, आणि तो लावायचा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेत एकाही मुलाला बोलावलेलं नव्हतं. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी सेक्रेटरींना मी लेखी सूचना दिली आहे: बोर्ड काढावा, पाच ते आठ या वेळात गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात, आणि आमच्या गेटबाहेरच्या चाळीतली जी मुलं आमच्या मुलांच्या ओळखीची आहेत, त्यांना आत यायला वॉचमनने अडवू नये. पहिल्या दोन मुद्द्यांना पाठिंबा मिळेल असं दिसतंय. तिसऱ्यावरून वाद होणार आहे, आणि मी तो घालणार आहे.